शके शून्य

इसवी सन ७८ च्या सप्टेंबर महिन्यात रोममध्ये सम्राट व्हेस्पाशियनच्या सत्तेचे दहावे वर्ष चालू होते. त्याच महिन्यात, त्याच्याच साम्राज्यातल्या इजिप्त प्रांतात, त्याचे अकरावे वर्ष चालू होते. यात चूक कोणाचीच नव्हती. १ जुलै ६९ रोजी अलेक्झांड्रियातल्या सैन्याने व्हेस्पाशियनला सम्राट म्हणून जाहीर केले. रोमने त्या दिवसापासून बारा-बारा महिन्यांची वर्षे मोजली. इजिप्तचा रिवाज वेगळा होता. तिथे राजा केव्हाही गादीवर येवो, पुढचा नववर्षदिन उजाडला की त्याचे पहिले वर्ष संपले. तिथले नवे वर्ष ऑगस्टच्या शेवटी, २९ तारखेला लागे. त्यामुळे व्हेस्पाशियनचे इजिप्तमधले पहिले वर्ष जेमतेम दोन महिन्यांत आटोपले आणि पुढचे सगळे आकडे एकाने वाढले.

एका राजाच्या एका राज्यात ही स्थिती, तर त्या वर्षी साऱ्या जगात किती आकडे चालू असतील? हे वर्ष निवडण्याचे कारण मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. इसवी सनातून ७८ वजा केले की शके मिळते. म्हणजे आपल्या पंचांगातल्या सगळ्या वर्षांची मोजणी या वर्षापाशी येऊन थांबते. पण त्या वर्षी जगणाऱ्यांपैकी ते ‘७८’ आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. येशूच्या जन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत डायोनिसियस एक्झिग्युअस या मठवासी विद्वानाने इसवी सन ५२५ मध्ये मांडली, आणि ती युरोपात रुळायला आणखी काही शतके लागली. आपण हा आकडा उलटा, मागे नेऊन त्या वर्षावर चिकटवला आहे.

रोम, ग्रीस आणि बॅबिलोन

रोमन माणसासाठी त्या वर्षाला आकडा नव्हता, नावे होती. दरवर्षी १ जानेवारीला दोन कॉन्सल अधिकारावर येत आणि वर्ष त्यांच्या नावाने ओळखले जाई. हे वर्ष लुसियस केयोनियस कॉमोडस आणि डेसिमस नोवियस प्रिस्कस यांचे. कर्जरोख्यावर किंवा करारावर याच दोन नावांनी वर्ष लिहायचे. दोन करारांमध्ये किती वर्षे लोटली हे काढायचे असेल, तर कॉन्सलांची यादी हाताशी हवी. रोम शहराच्या स्थापनेपासून मोजले तर हे ८३१ वे वर्ष येते. ही मोजणी पंडितांच्या ग्रंथांत असे. बाजारात ती कोणी वापरत नसे.

ग्रीक इतिहासकार ऑलिंपिक स्पर्धांवरून मोजत. इसवी सनापूर्वी ७७६ मधली स्पर्धा पहिली धरायची आणि चार-चार वर्षांची एक ऑलिंपियाड. या हिशेबाने ७८ चा उन्हाळा २१४ व्या ऑलिंपियाडचे पहिले वर्ष संपवून दुसरे सुरू करतो. जानेवारी ते डिसेंबर असे आपले वर्ष ग्रीकांच्या दोन वर्षांत अर्धे-अर्धे वाटले जाते. प्राचीन तारखा ‘७७-७८’ किंवा ‘७८-७९’ अशा जोडआकड्यांत लिहाव्या लागतात, त्या याचसाठी.

बॅबिलोनमध्ये मात्र एक वेगळी गोष्ट घडून गेली होती. इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस याने बॅबिलोन पुन्हा ताब्यात घेतले आणि तेव्हापासून त्याची वर्षे मोजली जाऊ लागली. तो गेल्यावर त्याचा मुलगा अँटायोकस याने रिवाजाप्रमाणे ‘वर्ष १’ असे पुन्हा सुरू केले नाही. बापाचाच आकडा पुढे चालवला. नातवाने आणि पुढच्यांनीही तेच केले. राजा मेला तरी वर्षाचा आकडा मरत नाही, ही कल्पना व्यवहारात उतरली ती इथे. सेल्युकसाचे साम्राज्य लयाला गेले, तरी ७८ मध्ये ही मोजणी चालूच होती. त्या वर्षीच्या वसंतात आकडा होता ३८९. त्यातही एक मेख होती. सीरियातल्या मॅसेडोनियन पद्धतीचे वर्ष शरदात सुरू होई, बॅबिलोनचे वसंतात. म्हणून ७८ च्या शरदात अँटिऑकमध्ये ३९० लागले, तेव्हा बॅबिलोनमध्ये आणखी सहा महिने ३८९ च चालले.

बॅबिलोनवर आता पार्थियन राजांची सत्ता होती. त्यांच्या अर्सासिड घराण्याची स्वतःची मोजणी इसवी सनापूर्वी २४७ पासून चाले आणि तिच्यात हे ३२५ वे वर्ष होते. बॅबिलोनचे खगोलविद आपल्या मातीच्या पाट्यांवर दोन्ही आकडे लिहीत. ही माणसे त्या परंपरेतली अगदी शेवटची. कीलाक्षरात लिहिलेल्या, आज उपलब्ध असलेल्या शेवटच्या खगोलीय पाट्या याच दशकातल्या आहेत.

चीनचे वाघवर्ष

पूर्वेला हान साम्राज्यात सम्राट चांग राज्य करत होता. चिनी दरबार काळाला नाव देत असे. सम्राट एखादे शुभ नाव जाहीर करी आणि त्या नावाखाली वर्षे मोजली जात. शकुन बदलला, संकट आले, किंवा नुसते मनात आले, तरी नवे नाव देऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चांगने आपल्या तेरा वर्षांच्या राजवटीत अशी तीन नावे वापरली. ७८ हे ‘च्येनछू’ या नावाचे तिसरे वर्ष. या वर्षी बान छाओ हा हान सेनानी काशगर आणि खोतानचे सैनिक घेऊन मध्य आशियात आजच्या आक्सूच्या परिसरात लढत होता. भारताच्या वायव्येला कुषाण सत्ता पसरत होती, ती याच भागाच्या शेजारी.

चीनकडे दुसरीही एक मोजणी होती आणि ती कोणत्याही सम्राटाच्या हुकमात नव्हती. दहा ‘खोडे’ आणि बारा ‘फांद्या’ यांच्या जोड्यांतून साठ वर्षांचे चक्र तयार होते. त्यात हे पंधरावे, ‘वू-यिन’, म्हणजे पृथ्वीतत्त्वाच्या वाघाचे वर्ष. आपल्याकडेही प्रभव, विभव अशी साठ संवत्सरे आहेत, पण त्यांचा पाया निराळा. आपले चक्र गुरू ग्रहाच्या सुमारे बारा वर्षांच्या प्रदक्षिणेवर, तिच्या पाच फेऱ्यांवर उभे आहे. दक्षिणेतला नियम असा की शकात १२ मिळवावे, ६० ने भागावे, आणि बाकी राहील त्या क्रमांकाचे संवत्सर समजावे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ चा. १२ मिळवून ६० ने भागले की बाकी ४८, आणि अठ्ठेचाळीसावे संवत्सर आनंद. हाच नियम मागे नेला तर आपल्या वर्षाला बाकी १२ येते, म्हणजे बहुधान्य.

तक्षशिलेची चांदीची पट्टी

भारतात त्या वर्षी कोणी तारीख घातलेले काही लिहिले का? तक्षशिलेच्या धर्मराजिका स्तूपाच्या परिसरात जॉन मार्शल यांच्या उत्खननात चांदीच्या पातळ पत्र्याची एक गुंडाळी मिळाली. तिच्यावर खरोष्ठी लिपीत लेख आहे. त्यानुसार उरसक नावाच्या एका बॅक्ट्रियन गृहस्थाने बुद्धाचे अवशेष तिथे स्थापन केले आणि ‘महाराज राजातिराज देवपुत्र कुषाण’ याच्या आरोग्याची कामना केली. तारीख आहे अझेसचे वर्ष १३६, आषाढाचा पंधरावा दिवस. अझेसच्या कालगणनेचा आरंभ इसवी सनापूर्वी ५७-५८ च्या सुमारास धरण्याच्या प्रचलित हिशेबाने हे वर्ष ७८-७९ येते. अलीकडे काही अभ्यासक तो आरंभ दहाएक वर्षे पुढे सरकवतात.

या पत्र्यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी. अझेस हा शक वंशाचा राजा. तो जाऊन पिढ्या उलटल्या होत्या. गादी कुषाणांकडे आली होती, आणि लेखात त्या कुषाण राजाचे नावसुद्धा नाही. तरी तारीख अझेसच्या आकड्यात आहे. सेल्युकसाच्या वारसांनी रुळवलेली, न तुटणाऱ्या आकड्याची सवय हिंदुकुशाच्या अलीकडे मुरली होती. पुढे ज्या मोजणीला आपण विक्रम संवत म्हणतो, तिचे मूळ अनेक अभ्यासक याच अझेसच्या गणनेत पाहतात. तिच्या हिशेबाने ७८ च्या चैत्रात १३५ वर्षे पुरी झाली होती. शक आणि संवत यांच्यातले १३५ चे अंतर तेव्हापासून आजतागायत तेच आहे.

एकाच डोंगरातली दोन मोजमापे

आता नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत जाऊ. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांतल्या एकात वर्ष ४२ आहे. त्याने लेणे भिक्षुसंघाला दिले आणि ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना कापडखर्च मिळायचा. मुद्दल कधीच काढायचे नाही. इतक्या दीर्घ मुदतीच्या व्यवहाराला चालू राहणारा आकडाच शोभतो.

त्याच डोंगरातले तिसरे लेणे सातवाहनांचे. तिथे गौतमीपुत्र सातकर्णीचा आदेश आहे, त्यावर वर्ष १८. पुढे त्याची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे, त्यावर वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे १९ वे वर्ष. गौतमीपुत्राने शक, यवन, पल्हवांचा पराभव केला आणि क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे ती अभिमानाने सांगते. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये सापडलेला नहपानाच्या नाण्यांचा साठा तिच्या शब्दाला पुरावा देतो. १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता.

नाणी त्याने बदलली, वर्षमोजणी मात्र आपल्या कुळाच्या रीतीनेच ठेवली. सातवाहनांच्या लेखांत वर्षे राजागणिक सुरू होतात आणि राजागणिक संपतात. ज्यांच्या नावाने आपण ‘शालिवाहन शके’ म्हणतो, त्या सातवाहनांनी हा शक कधी वापरला नाही. नहपानाचे आकडे तरी शकाचे की त्याच्या स्वतःच्या राजवटीचे, यावर विद्वानांत दीर्घ वाद आहे. जुन्नरच्या लेण्यांत त्याचा अमात्य अयम याचे वर्ष ४६ आहे. हे शकाचे धरले तर इसवी सन १२४ च्या आसपास येते, आणि गौतमीपुत्राच्या विजयाशी ते जुळते.

मग सुरू कोणी केला?

बराच काळ उत्तर होते कनिष्क. त्याच्या राज्यारोहणापासून कुषाण लेखांत नवी मोजणी दिसते, म्हणून तीच शकगणना असे मानले जाई. २००१ मध्ये हॅरी फाल्क या जर्मन अभ्यासकाने स्फुजिध्वजाच्या यवनजातकातल्या एका श्लोकाकडे लक्ष वेधले. तिथे कुषाणांच्या गतवर्षांत १४९ मिळवून शकांचा काळ सांगितला आहे. ७८ मध्ये १४९ मिळवले की २२७ येतात. कुषाण गणनेत शंभरी संपली की पुढचे शतक न लिहिता पुन्हा एकपासून मोजत, हे इतर लेखांवरून दिसते. म्हणून त्याच्या शंभर वर्षे आधी, १२७ मध्ये, कनिष्काचे पहिले वर्ष. आज बहुतेक अभ्यासक हे मान्य करतात, आणि त्यामुळे कनिष्क या शर्यतीतून बाद होतो.

उरतो चष्टन, कच्छ-माळव्याचा क्षत्रप. कच्छमधल्या अंधौ इथे त्याच्या काळातले लेख मिळाले आहेत. एकावर वर्ष ११ आहे, इतरांवर ५२. हे दोन्ही आकडे शकाचे मानले जातात. पहिल्यावरून दिसते की चष्टन शकाच्या अगदी सुरुवातीच्या काळात सत्तेवर होता. म्हणून मोजणी त्याच्यापासून सुरू झाली असावी असे अनेकांना वाटते. त्याचा नातू रुद्रदामा गिरनारच्या शिलालेखात वर्ष ७२ लिहितो. वादळाने सुदर्शन तलावाचा बांध फुटला त्या दिवसाची ती तारीख, इसवी सन १५० ची.

इथे सुरू करणाऱ्यापेक्षा चालू ठेवणाऱ्यांचे काम मोठे आहे. चष्टनाच्या वारसांनी आपल्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या मस्तकामागे ब्राह्मी अंकांत वर्ष कोरायला सुरुवात केली आणि चौथ्या शतकाच्या अखेरपर्यंत ते कोरत राहिले. भाऊ गादीवर आला, पुतण्या आला, कोणी बंड केले, तरी आकडा पुढे सरकतच राहिला. त्या आकड्याला त्यांनी नाव मात्र दिले नाही. नुसते ‘वर्ष’ लिहिले.

ज्योतिष्यांच्या हाती

क्षत्रप गेल्यावर हा आकडा त्यांच्याबरोबर जायला हरकत नव्हती. तो राहिला, कारण उज्जयिनी क्षत्रपांच्या राज्यात होती आणि भारतीय ज्योतिर्गणिताचे ते केंद्र होते. ग्रह आज कुठे आहे हे काढायला आधी एका ठरलेल्या क्षणापासून किती दिवस लोटले, म्हणजे अहर्गण, काढावा लागतो. त्यासाठी न तुटलेली वर्षसंख्या हवी. दर राजागणिक एकपासून सुरू होणारा आकडा या कामाला निरुपयोगी. कलियुगारंभापासून मोजावे तर संख्या फार मोठी होते. शक सोयीचा पडला. वराहमिहिराच्या पंचसिद्धान्तिकेचा आरंभबिंदू शके ४२७. ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिला शके ५५० मध्ये. भास्कराचार्य आपला जन्म शके १०३६ चा सांगतात. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये ग्रहलाघव रचले. चालू शकातून १४४२ वजा करा, ११ ने भागा, ही त्यातली पहिली पायरी. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे कित्येक पिढ्या याच ग्रंथावरून तयार होत.

या गणकांनीच शकाला शून्य दिले. त्यांचा आकडा चालू वर्षाचा नसून सरलेल्या वर्षांचा. बाळाचे वय पहिल्या वाढदिवसापर्यंत एक म्हणत नाहीत, तसेच हे. म्हणून इसवी सन ७८ च्या मार्चच्या सुमारास, चैत्रात जे वर्ष सुरू झाले, ते मागे मोजत गेल्यास शके १ नव्हे, शके ०. डायोनिसियसच्या मोजणीत इसवी सनापूर्वी १ नंतर थेट इसवी सन १ येते, मध्ये शून्य नाही. इतिहासातले वर्षांतर काढताना एकाची चूक होते ती तिथेच.

शून्य शकाला कलियुगाची ३१७९ वर्षे सरलेली होती, हे नातेही पक्के आहे. पुलकेशी दुसऱ्याच्या ऐहोळे प्रशस्तीत कवी रविकीर्ती दोन आकडे शेजारी-शेजारी देतो. भारतयुद्धापासून ३७३५ वर्षे, आणि शकराजांची ५५६. वजाबाकी ३१७९. आजच्या पंचांगातही ‘गतकली’ आणि ‘शके’ यांची वजाबाकी हीच येते. जैन परंपरा महावीरांच्या निर्वाणापासून शकराजापर्यंत ६०५ वर्षे आणि ५ महिने सांगते. हे पाच महिने म्हणजे दिवाळी ते चैत्र.

त्या एका वर्षाचे, म्हणजे ७८ च्या वसंताच्या आसपासचे आकडे एकत्र मांडले तर असे दिसतात:

रोम स्थापनेपासून – ८३१
ऑलिंपियाड – २१४ वी, पहिले वर्ष
सेल्युकिड – ३८९
अर्सासिड – ३२५
ज्यू सृष्ट्यब्द (नंतरच्या काळात रूढ झालेला) – ३८३८
चीन – च्येनछू ३, वू-यिन
विक्रम संवत (गत) – १३५
कलियुग (गत) – ३१७९
शक (गत) – ०

न टिकलेले शक

शक टिकला ही साधी गोष्ट नव्हती, कारण त्याला हटवण्याचे प्रयत्न झाले. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याने १०७६ मध्ये शक बाजूला सारून आपली चालुक्य-विक्रम गणना सुरू केली. कर्नाटकातल्या शेकडो शिलालेखांत ती दिसते. शंभरेक वर्षांत ती मागे पडली आणि लेखक पुन्हा शकाकडे वळले. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक मराठी राज्याच्या कागदपत्रांत राज्य असेपर्यंत चालला. राज्य गेले, तसा तो व्यवहारातून उतरला. या गणना सुरू करणारे राजे चष्टनापेक्षा कमी कर्तबगार होते असे मुळीच नाही. त्यांच्या आकड्यांवर ग्रहांचे गणित उभे राहिले नव्हते, एवढाच फरक.

उलट शक समुद्रापार गेला. कंबोडियातल्या सांबोर इथल्या एका शिलालेखात शके ६०५ हा आकडा शून्याच्या जागी ठिपका देऊन लिहिला आहे. तारीख असलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी तो एक. जावाच्या सुलतान अगुंगने १६३३ मध्ये इस्लामी चांद्रवर्ष स्वीकारले, पण आकडा १५५५ हा शकाचाच पुढे चालू ठेवला. बालीत शकाचे नवे वर्ष आजही ‘न्येपी’ या मौनाच्या दिवसाने सुरू होते.

या प्रवासात आरंभाची आठवण मात्र पालटत गेली. बदामीच्या लेण्यात मंगलेशाचा लेख शकराजाच्या राज्याभिषेकापासून ५०० वर्षे लोटल्याचे सांगतो. चार-पाच शतकांनी बाहेरून आलेला विद्वान अल्बेरुनी याला इथल्या पंडितांनी सांगितले की विक्रमादित्याने एका जुलमी शक राजाला मारले, तेव्हापासून ही गणना. म्हणजे राज्याभिषेकाची आठवण वधाची झाली. तेराव्या-चौदाव्या शतकापासून लेखांत शालिवाहनाचे नाव जोडले जाऊ लागले आणि शकांची मोजणी शकांना हरवणाऱ्याच्या नावावर गेली. अल्बेरुनीने मात्र आठवणींवर विसंबून न राहता आकडे तपासले. इराणी यज्दगर्द सनाचे वर्ष ४०० म्हणजे शके ९५३, विक्रम १०८८, वलभी ७१२, असे समीकरण त्याने मांडले. आजचे इतिहासकारही ते वापरतात.

स्वातंत्र्यानंतर देशात पंचांगांची गर्दी होती. १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ हा १ चैत्र १८७९ ठरला आणि शक भारताचा राष्ट्रीय सन झाला. महिन्यांचे दिवस समितीने नव्याने बांधले, वर्षाचा आकडा मात्र ज्योतिष्यांकडून आला तसाच घेतला. हा शक चष्टनाचा, कनिष्काचा की शालिवाहनाचा, हे ठरवण्याची तिला गरज पडली नाही. तो वाद उद्या कायमचा मिटला, तरी पंचांगातली एकही तिथी हलणार नाही.